मी विहिरीत पडले नव्हते

लेकरांनो,

रविवारी फोनवर धाकट्याने मला विचारलं, "आजी, तू विहिरीत पडलीस तेव्हा खाली काय होतं?" मागून मोठीचा आवाज आला, "असं विचारायचं नसतं!" मग फोन तुमच्या बाबांच्या हातात गेला आणि बोलणं हवापाण्यावर आलं.

म्हणून हे लिहायला बसले आहे. बाबांनी तुम्हाला सांगितलेली गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे. पुढच्या महिन्यात मी तुमच्याकडे येणार, त्याआधी उरलेली अर्धी पोचलेली बरी. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं आणि मलाही जड नव्हतं. वसमतच्या शाळेत सगळी नोकरी मी इंग्रजीच शिकवलं. पण जे घडलं ते मराठीत घडलं, आणि त्यातली बरीचशी बोलणी इंग्रजीत नेली की त्यांची चव जाते. अडेल तिथे आईला विचारा.

पहिली दुरुस्ती: मी विहिरीत पडले नव्हते, उतरले होते. पायऱ्यांनी, सावकाश, चप्पल वर काढून ठेवून.

याची सुरुवात मात्र तुमच्याच गावी झाली. गेल्या उन्हाळ्यात मी महिनाभर तुमच्या इमारतीच्या तलावाकाठी पांढऱ्या खुर्चीत बसत होते. मांडीवर दोघांचे टॉवेल, त्यावर तुमचे पोहायचे चष्मे, एखादं अर्धं खाल्लेलं केळं. टॉवेलांच्या घड्या मी नीट घालून ठेवत असे, आणि तुम्ही दर दहा मिनिटांनी येऊन त्या मोडत असा. एके दिवशी मोठीने पाण्यातून डोकं वर काढलं आणि म्हणाली, "आजी, तू ये ना."

"मी आले तर टॉवेल कोण धरील?"

"टॉवेल खुर्ची धरेल."

ती लगेच बुडी मारून गेली. तिच्या ते लक्षातही नसेल. पण परतीच्या विमानात मी त्या वाक्याला उत्तर शोधत होते आणि ते सापडत नव्हतं. खुर्चीला जमतं ते काम मी किती वर्षं करत आले, याचा विचार करू लागले. तुमचे बाबा लहानपणी मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकले, तेव्हाही मी काठावरच होते. त्यांचा सदरा, चड्डी आणि गुळाचा खडा सांभाळत.

घरी आले तर घर नेहमीसारखं. तुमच्या बाबांनी आजोबा गेल्यावर सगळी सोय करून दिली आहे. कपडे यंत्रात धुतले जातात, पाणी यंत्रात गाळलं जातं, भाजी दारात येते, दारात कोण आलं ते फोनवर दिसतं. मी कुणाची तक्रार करत नाही. फक्त झालं असं की सकाळी साडेनऊला माझा दिवस संपून जायचा. सगळं आवरलेलं. मग मी आवरलेलं पुन्हा आवरत बसायची. मसाल्याच्या डब्या उंचीप्रमाणे लावून झाल्या, मग रंगाप्रमाणे लावल्या.

होळी झाल्यावर एक दिवस स्कूटी काढली आणि मळ्यात गेले. तिथे तुमची मळ्यातली आजी राहते. ती माझी धाकटी जाऊ, माझ्याहून थोडीशीच लहान, पण मला अजून 'तुमी' म्हणते आणि वाटेल ते बोलते. तिचं माहेर नदीकाठचं. चालायच्या आधी पोहायला शिकले, असं ती सांगते. तिचं सगळंच खरं धरायचं नसतं, पण पोहते मात्र मासोळीसारखी. त्या दिवशी हळद शिजवून वाळत घातली होती आणि ती पायाने ती उलथीपालथी करत होती.

"मला पोहायला शिकव," मी म्हणाले.

तिचा पाय थांबला. "काहून? घरचं नळाचं पाणी बंद झालं का?"

"थट्टा करू नकोस."

"थट्टा तुमी करून राहिल्या, बाई. या वयात माणसं काशीला जातात, तुमी विहिरीत जाऊन राहिल्या."

मी तिला टॉवेलांची गोष्ट सांगितली. ती हसली नाही, हे विशेष. थोडा वेळ हळद उलथत राहिली आणि म्हणाली, "पोरगी बराबर बोलली."

मग अटी ठरल्या. तिची अट होती, की पाण्यात ती सांगेल ते ऐकायचं आणि शाळा करायची नाही. माझी अट अशी: मला पोहता आलं तर तिने माझ्या स्कूटीवर मागे बसून वसमतच्या बाजारात यायचं. ही बाई विहिरीच्या कठड्यावरून उडी मारते, पण दोन चाकांवर बसत नाही. मुलाच्या मोटारसायकलवरही कधी बसली नाही. बसची वाट बघत तासभर उन्हात उभी राहील.

"बसंन," ती म्हणाली. "तुमाला येणारच न्हाई, मग मला काय भेव?"

गोठ्याच्या आढ्याला एक वाळका भोपळा टांगलेला होता. तुम्ही तो पाहिला आहे. धाकट्याने एकदा त्याला ढोल म्हणून बडवला होता. आपल्याकडे पोहायला शिकणाऱ्याच्या पाठीला असा भोपळा बांधतात. आत पोकळ, बाहेरून लाकडासारखा टणक, माणसाला वर धरून ठेवतो. तुमचे बाबा याच भोपळ्यावर शिकले, काकाही. जसजसे हातपाय मोकळे होतात तसतशी भोपळ्याची दोरी सैल करतात, आणि एक दिवस भोपळाच काढून टाकतात. त्या दिवशी म्हणायचं, 'लेकरू सुटलं.' भोपळ्याचं काम निरुपयोगी होणं हेच असतं.

आमची वेळ दुपारची असे, गडीमाणसं जेवून आडवी झाल्यावर. विहिरीला दगडी पायऱ्या आहेत आणि कॅनॉलला पाणी सुटलं की ती वरपर्यंत भरते. पण कॅनॉलची शेवटची पाळी संपली की पाणी रोज खाली जातं. शेवटची पायरी उघडी पडली की बाहेर यायला पाय टेकत नाही, मग पावसाळ्यापर्यंत पोहणं बंद. म्हणजे मला जे काय करायचं ते वैशाखाच्या आत. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणता आलं असतं, पण माझ्या वयात 'पुढच्या वर्षी' हा शब्द जपून वापरावा.

पहिल्या दिवशी मी आयुष्यात प्रथमच पंजाबी ड्रेस घातला. पाण्यात शिरताच त्यात हवा भरली आणि मी फुगले. मळ्यातली आजी नऊवारीचा काष्टा घालून माझ्या शेजारी आरामात उभी, म्हणजे पाण्यात उभी. ते तिला कसं जमतं मला अजून कळलेलं नाही.

"हातानं पाणी मागं लोटा. मागं! खाली न्हाई. पोळ्या लाटून राहिल्या का?"

"लोटते आहे."

"पाय कुठं हायत?"

"माहीत नाही."

"तुमचेच हायत ना, बाई, मग कुणाला माहीत असतील?"

नाकात पाणी, कानात पाणी, डोळ्यांत हळदीची धूळ. घरी येताना स्कूटीवर दात वाजत होते आणि अंगातला प्रत्येक सांधा आपापलं नाव सांगत होता. पण त्या रात्री मी डब्या लावल्या नाहीत. जेवले आणि झोपले. सकाळी साडेनऊला माझा दिवस संपला नव्हता, सुरूही झाला नव्हता.

आता तुमच्या बाबांच्या अर्ध्या गोष्टीकडे येते.

मळ्यात एक रीत आहे. बायका विहिरीवर असल्या की वर, वाटेच्या तोंडाशी, पाण्याच्या मोटारीच्या खांबावर एक लुगडं पसरून टाकतात. ते दिसलं की गडीमाणूस तिथूनच माघारी फिरतो. कुणी विचारत नाही, कुणी हाक मारत नाही. मळ्यातल्या आजीचं लाल लुगडं रोज त्या खांबावर असे. मला वाटे, तिने ते वाळत घातलं आहे.

त्या दिवशी ती आधी उतरली. मी मागून आले, तर ते कोरडं ठणठणीत लुगडं खांबावरून घसरून धुळीत लोळत होतं. आता मला तुम्ही ओळखता. मी ते उचललं, झटकलं, काठाला काठ लावून सुरेख घडी घातली आणि चपलांशेजारी दगडावर ठेवून दिलं. मग समाधानाने पायऱ्या उतरले.

मी विहिरीच्या मधोमध, पाठीवर भोपळा, तोंड वर आभाळाकडे, अशी असताना तुमचे काका, म्हणजे मळ्यातल्या आजीचा मुलगा, भुईमुगाला पाणी द्यायला मोटार सुरू करायला आले. त्यांना खांबावर लुगडं दिसलं नाही. दगडावर माझ्या चपला तेवढ्या दिसल्या, नीट जोडून ठेवलेल्या, आणि शेजारी घडी घातलेलं लुगडं. त्यांनी खाली पाहिलं.

आपल्याकडे बाईमाणूस विहिरीत म्हटलं की ऐकणाऱ्याच्या तोंडचं पाणी पळतं. त्यात अशा जोडून ठेवलेल्या चपला. ते किंचाळले, "मोठ्याई! मोठ्याई विहिरीत पडली! धावा रे!"

"पडले नाही!" मी ओरडले, तर तोंडात पाणी गेलं आणि शब्द बुडबुडे झाले. हे पाहून ते अंगातल्या कपड्यांसकट उडी मारायला कठड्यावर चढले.

तेवढ्यात कोपऱ्यातून त्यांच्या आईचा आवाज आला. "उतर खाली मुडद्या! बायका आंघोळ करून राहिल्या, दिसत न्हाई का?"

"आई, तू बी पडली?"

मग मात्र मळ्यातली आजी इतकी हसली की तिला पायरी धरावी लागली. काकांचा चेहरा लाल झाला, ते पाठमोरे होऊन म्हणाले, "पण लुगडं न्हाई ना खांबावर!"

"न्हाई कसं? म्या सोता टाकलं."

मी भोपळ्याची दोरी सारखी करू लागले. ती माझ्याकडे बघत राहिली. "बाई," ती म्हणाली, "तुमी त्याची घडी घातली?"

तोवर गावात बातमी पोचली होती, आणि काकांनी कठड्यावरून उतरताच, घाबरलेल्या अवस्थेतच, तुमच्या बाबांना फोन लावला होता. 'मोठ्याई विहिरीत पडली, पण ठीक हाय.' तुमच्याकडे तेव्हा पहाट होती. बाबांची काय अवस्था झाली असेल ते मला कळतं. त्यांचा आवाज फोनवर कापत होता, आणि तो पूर्वी मी एकदाच तसा ऐकला आहे, आजोबा गेले तेव्हा. म्हणून त्यांच्यावर रागावू नका.

"आई, काय गरज आहे?" ते म्हणाले. "तुला काही कमी आहे का तिथे?"

कमी काहीच नव्हतं. तेच त्यांना सांगता येईना.

आठवड्याच्या आत दारात खोकं आलं. आत नारिंगी रंगाचं लाइफ जॅकेट, उत्तम प्रतीचं, शिट्टीसकट. बाबा म्हणाले, हे घालत असशील तर माझी हरकत नाही. मला ते योग्य वाटलं. सुरक्षित, स्वच्छ, आणि गाठी मारायच्या नाहीत, नुसते पट्टे लावायचे.

ते घालून मी पाण्यात उतरले आणि खरंच सांगते, फार आराम वाटला. हातपाय हलवावेच लागेनात. मी विहिरीच्या मधोमध उभीच्या उभी तरंगत राहिले, गणपती विसर्जनाला नेला आणि बुडायला तयार नाही तसा. पुढे जायला हात मारावा तर जॅकेट हनुवटीवर चढायचं. दोन-तीन दिवस असेच गेले. मी मधोमध, आणि मळ्यातली आजी पायरीवर बसून शेंगा खात.

"छान वाटून राहिलं का?"

"छान वाटतं."

"वाटंलच. म्हशीला तर हे बी लागत न्हाई."

मी शिट्टी वाजवली. ती हसली नाही. शेंगांची टरफलं पदरात गोळा करत म्हणाली, "बाई, पाणी उतरून राहिलं. काल त्या पायरीला होतं, आज बघा. तुमाला तरंगायचंय का पोहायचंय ते ठरवा. तरंगायचं असंल तर घरी हौदात बसा, मला हळद भरायची हाय."

मी पायरीवर आले आणि जॅकेट काढलं. वाळवून, पट्टे लावून, खोक्यात ठेवलं. पण बाबांना शब्द दिला होता, तो त्यांना न सांगता मोडायचा नव्हता. रात्री फोन केला.

"तू शिकत होतास तेव्हा मी काठावर होते, आठवतं?" मी विचारलं.

"आठवतं. तू सारखी म्हणत होतीस, बस झालं, घरी चल."

"मग तू आलास?"

"काका येऊ देत नव्हते." त्यांचे काका म्हणजे तुमचे मळ्यातले आजोबा.

"आणि काकांनी सोडलं असतं तर?"

ते म्हणाले, "नसतो आलो." आणि लगेच पुढे म्हणाले, "भोपळ्याची गाठ छातीवर मारू नकोस, श्वास लागतो. बगलेखालून घे. आणि काकूला म्हणावं दोर हाताशी ठेव."

त्यानंतर भोपळा पाठीवरून सैल झाला, मग लांब दोरीवर मागे राहू लागला, बैलाच्या मागे कुत्रं यावं तसा. आणि पाणी शेवटच्या पायरीला टेकलं त्या दुपारी मळ्यातल्या आजीने तो सोडून वर ठेवला. लाल लुगडं खांबावर होतं. या वेळी मी स्वतः पसरलं होतं, आणि ते वेडंवाकडं लोंबत असताना त्याला हात लावला नाही.

समोरच्या भिंतीला मोटारीचा पाइप आहे. तिथपर्यंत मी गेले. कशी गेले ते विचारू नका, पण गेले, आणि पाइपाला दोन्ही हातांनी मिठी मारली. पाइप थंडगार आणि शेवाळलेला. मग लक्षात आलं की पायऱ्या आता पलीकडे आहेत.

"दोर टाक," मी म्हणाले.

"हाय हातात."

"मग टाक ना."

"टाकते. पण मग हे त्या जाकिटासारखंच झालं. तुमी सांगा, टाकू?"

ती शेवटच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसली होती, दोर मांडीवर. ती टाकणार होती, मी हो म्हटलं असतं तर. विहिरीत खालून आभाळ लहान दिसतं. मी त्या चौकोनाकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं. भीती वाटत होती, आणि गंमत म्हणजे दुसरं काहीच वाटत नव्हतं. गुडघे नाही, वय नाही, संध्याकाळची भाजी नाही. इतकी मोकळी मी किती दिवसांत नव्हते.

"नको टाकू," मी म्हणाले, आणि पाइप सोडला.

माझं पोहणं सुंदर नाही. मोठी हसेल. मान ताठ, फुसफुस आवाज, हातांचा जोर सगळा एका बाजूला, त्यामुळे मी सरळ न येता तिरकी आले आणि पायऱ्या चुकवून भिंतीला लागले. पण तिथून पायरीपर्यंतही मीच आले. मळ्यातल्या आजीने माझा दंड धरून वर घेतलं आणि मोठ्याने, कुणाला तरी सांगावं तसं, म्हणाली, "सुटली गं माय, मास्तरीण सुटली!"

ते विहिरीच्या कोनाड्यातल्या आसरांना होतं. शेंदूर लावलेले सात दगड, पाण्याच्या देवी. लेकरू सुटलं की त्यांना दहीभात, नारळ आणि हिरव्या बांगड्या देतात. त्या लहान मुलाच्या नावाने द्यायच्या असतात. तिने माझ्या नावाने दिल्या, आणि पाया पडायला मला पुढे केलं. मी एरवी या गोष्टींत फारशी नसते. त्या दिवशी वाकले.

मग स्कूटी.

"आज न्हाई," ती म्हणाली. "आज अमावस्या."

"अमावस्या परवा झाली."

"मंग माझं डोकं दुखून राहिलं."

"माझी अट, तुझा शब्द."

ती बसली. दोन्ही पाय एका बाजूला, एक हात माझ्या खांद्यावर, दुसरा माझ्या वेणीवर. मळ्याच्या वाटेपासून डांबरी रस्त्यापर्यंत तिने सगळ्या देवांची नावं घेतली, डांबरीवर माझी घेतली. "हळू! बाई, हळू! तुमाला लेकरंबाळं हायत!" समोरून हळदीची पोती भरलेला ट्रॅक्टर आला तेव्हा तिने माझ्या पाठीत तोंड खुपसलं. बाजाराच्या तोंडाशी उतरली तरी माझी वेणी सोडली नाही. चहा प्यायली, बशीतून, दोन कप. मग इकडेतिकडे बघून, कुणी ऐकत नाही अशी खात्री करून म्हणाली, "परत जाताना जरा जोरात घ्या."

तुमच्या बाबांचा प्रश्न मी विसरलेले नाही. काय गरज आहे? गरज नव्हती, हेच उत्तर आहे. ज्याची गरज होती ते सगळं आयुष्यभर करून झालं. हे एक असं होतं की न केलं तर कुणाचं काही अडलं नसतं, आणि त्यासाठी मी रोज दुपारी उन्हातून जात होते, पाणी पीत होते, बोलणी खात होते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायला अधीर होत होते. सोयीच्या कुठल्या वस्तूने मला कधी अधीर केलं नाही.

तर तलावाकाठच्या त्या खुर्चीवर यंदा टॉवेल ठेवायचे. लाइफ जॅकेट मी बरोबर आणते आहे, ते बाबांना परत. पंजाबी ड्रेस तुमच्या तलावात चालेल का, ते विचारून ठेवा.

आणि धाकट्या, तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. खाली काय होतं ते मला माहीत नाही. मी वर होते.

पाऊस लागला आहे, विहीर भरते आहे. शेवटची पायरी पुन्हा पाण्याखाली गेली. लाल लुगडं खांबावर असतं आणि त्याची घडी कुणी घालत नाही. भोपळा गोठ्याच्या आढ्याला टांगलेला आहे, त्याला चीर नाही, अजून तरंगतो.